मोठ्या खुर्चीकडे जाणाऱ्या वाटा

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



वर्धापनदिनाला चार शब्द बोला, असे चिटणीसबाईंनी मला सांगितले तेव्हा मी म्हटले, "अहो, मला ना गाणे येते, ना रांगोळी. जन्मभर दुसऱ्यांचे बोलणे लिहून घेतले. स्वतः बोलायची सवय कुठली?" त्यावर त्या म्हणाल्या, "मग जे लिहून घेतलेत त्यातलेच काही सांगा." चिटणीसबाईंपुढे कोणाचे चालले आहे! तेव्हा आज त्यांच्याच आज्ञेने उभी आहे. बोलताना चुकले तर सांभाळून घ्यावे.

विषय निवडायला मात्र फार विचार करावा लागला नाही. दर वर्षी मुलांचे निकाल लागले की आपल्या आळीतल्या दोन-चार आया हटकून माझ्याकडे येतात. हातात गुणपत्रिका असते, बरोबर पेढाही असतो आणि प्रश्न ठरलेला असतो : "तुम्ही एवढ्या मोठ्या कंपनीत होतात. मोठा साहेब व्हायला आमच्या मुलाने काय शिकावे?" अलीकडे, मोठ्या आनंदाची गोष्ट अशी की, 'मुलीने काय शिकावे' असेही विचारणाऱ्या येऊ लागल्या आहेत. प्रत्येकीला दारात उभ्याउभ्या उत्तर देण्यापेक्षा आज सर्वांना एकदमच द्यावे, असे ठरवले.

माझा अधिकार काय, असे कोणी विचारील. अधिकार एवढाच की १९७१ साली मी मुंबईतल्या एका मोठ्या कंपनीच्या मुख्य कचेरीत लघुलेखिका म्हणून लागले आणि २००९ साली सेवानिवृत्त झाले. पहिली काही वर्षे साहेबांची पत्रे टाइप केली आणि पुढे नोकरभरती व बढत्या पाहणाऱ्या खात्यात गेले. कोणी काय शिकले, कुठून सुरुवात केली, कोणाला वर चढवायचे, कोणाला तिथेच ठेवायचे, याचे कागद माझ्या यंत्रातून जात. त्या कागदांतले नाव-गाव मी कधी बाहेर सांगितले नाही आणि आजही सांगणार नाही. आज ज्यांची नावे घेणार आहे ती सर्व जगजाहीर माणसे आहेत.

आधी ही मोठी खुर्ची म्हणजे काय ते पाहू. 'मुख्य कार्यकारी अधिकारी' हे नाव मारुतीच्या शेपटासारखे लांब आहे, म्हणून मुले 'सीईओ' म्हणून मोकळी होतात. आपल्या मंडळावरूनच समजून घ्या. आपण सभासद वर्गणी भरतो, तसे कंपनीचे भागधारक पैसे घालतात. आपण कार्यकारिणी निवडतो, तसे ते संचालक मंडळ निवडतात. कार्यकारिणी दिवाळीच्या फराळाचे काम एका बाईकडे सोपवते. मग चकली बिघडली तर तिला विचारायचे आणि शंकरपाळे खपले तरी तिलाच विचारायचे! कंपनीत ती बाई म्हणजे हा मुख्य अधिकारी. त्याला संचालक मंडळ नेमते आणि काम पसंत पडले नाही तर काढूही शकते. जन्माची सनद कोणाला दिलेली नसते.

पूर्वी आपल्याकडे ही खुर्ची बहुधा घराण्यातच राही. एकच पेढी अनेक कंपन्यांचा कारभार कराराने पाही. ही व्यवस्थापकीय अभिकर्त्यांची पद्धत १९७० साली कायद्याने बंद झाली. घराण्यांच्या कंपन्या अर्थात आजही आहेत. पण तिथेही नुसते आडनाव पुरते असे समजू नका. कुमार मंगलम बिर्लांवर १९९५ साली, वडील गेल्यावर, वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी सगळा व्याप पडला. तोवर त्यांनी सनदी लेखापालाची परीक्षा आणि लंडनला व्यवस्थापनाचे शिक्षण, दोन्ही पुरे केले होते. आडनावाने दार उघडते, पण आत गेल्यावर ताळेबंद वाचावाच लागतो.

आता मूळ प्रश्नाकडे येते. शिकावे काय?

पहिली गोष्ट ही की एकच शाळा, एकच पदवी, असा राजमार्ग नाही. आपल्या घरचेच उदाहरण घ्या. ज्यांच्या नावाचा पंप आपल्या माहेरच्या विहिरीवर होता ते लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत चित्रकला शिकायला गेले होते. रंग ओळखण्यात डोळ्यांचा दोष निघाला, तेव्हा रंग सोडून ते यंत्रांच्या आराखड्यांकडे वळले. मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली तंत्रशिक्षण संस्थेत शिकवू लागले, बेळगावात भावाबरोबर सायकलींचे दुकान चालवले, लोखंडी नांगर केला आणि १९१० साली किर्लोस्करवाडी वसवली. त्यांचे चिरंजीव शंतनुराव अमेरिकेत मॅसॅच्युसेट्सच्या तंत्रज्ञान संस्थेत जाऊन यांत्रिकीची पदवी घेऊन १९२६ साली परतले. बाप कलाशाळेतून निघाला, मुलगा परदेशी तंत्रशाळेतून, आणि दोघांनी तोच धंदा वाढवला. सुमंत मुळगावकर लंडनला यांत्रिकी शिकले, सिमेंटच्या धंद्यात नावाजले आणि १९४९ नंतर टेल्कोत येऊन त्यांनी मोटारींचा कारखाना उभा केला. रस्त्यावर 'सुमो' गाडी पाहता ना? ते नाव त्यांच्याच नावाच्या आणि आडनावाच्या पहिल्या अक्षरांवरून ठेवले.

इंग्रजी माध्यमाची ज्यांना फार धास्ती वाटते त्यांच्यासाठी आणखी एक सांगते. टाटा सन्सचे अध्यक्षपद २०१७ साली ज्यांच्याकडे आले ते नटराजन चंद्रशेखरन तामिळनाडूतल्या मोहनूर गावच्या सरकारी तमिळ शाळेत शिकले. पुढे संगणकाचे शिक्षण घेऊन १९८७ साली टीसीएसमध्ये लागले आणि बावीस वर्षांनी तिचे मुख्य झाले. हैदराबादचे सत्य नाडेला यांना आयआयटीच्या प्रवेशपरीक्षेत यश आले नाही. ते मणिपालला शिकले, मग अमेरिकेत गेले, १९९२ साली मायक्रोसॉफ्टमध्ये लागले आणि नोकरी सांभाळून शनिवार-रविवारी शिकागोला जाऊन त्यांनी व्यवस्थापनाची पदवी घेतली. २०१४ साली ते त्या कंपनीचे मुख्य झाले. आमच्या आळीत एका मुलाने त्याच परीक्षेत अपयश आले म्हणून चार दिवस जेवण सोडले होते. त्याच्या आईला मी ही हकीकत सांगितली. पाचव्या दिवशी तो जेवला. ते माझ्या सांगण्याने की भुकेने, हे देव जाणे.

तरीही साधारण पाहता तीन दारांतून जास्त माणसे आत शिरतात, असे माझ्या टंकयंत्रापाशी बसून मला दिसले.

पहिले दार अभियांत्रिकीचे. कारखान्यात माल कसा तयार होतो, तो कुठे अडतो, यंत्र का बंद पडते, हे ज्याला कळते त्याला कामगारही मानतात. दुसरे दार हिशेबाचे. सनदी लेखापाल सगळ्या खात्यांचे पैसे पाहतो, म्हणून त्याला सगळ्या घराची पोटदुखी ठाऊक होते. हिंदुस्थान लिव्हरचे पहिले भारतीय अध्यक्ष प्रकाश टंडन हे विलायतेहून लेखापाल होऊन आलेले. १९३७ साली लागले, १९६१ साली अध्यक्ष झाले. तिसरे दार व्यवस्थापनाच्या शाळेचे. कलकत्ता आणि अहमदाबादच्या संस्था १९६१ साली निघाल्या, आपल्या मुंबई विद्यापीठाची जमनालाल बजाज संस्था १९६५ साली. पुष्कळ जण आधी अभियंते होतात आणि मग ह्या तिसऱ्या दाराने येतात. नितीन परांजपे असेच. पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातून यांत्रिकी, मग बजाज संस्था, १९८७ साली लिव्हरमध्ये उमेदवार आणि २००८ साली तिथले मुख्य.

आणि ज्यांना वाटते की ह्या तीन दारांवाचून गत नाही, त्यांनी अरुंधती भट्टाचार्य यांच्याकडे पाहावे. शिक्षण इंग्रजी साहित्याचे! १९७७ साली स्टेट बँकेत परीक्षाधीन अधिकारी म्हणून लागल्या आणि २०१३ साली त्या बँकेच्या पहिल्या स्त्री अध्यक्ष झाल्या. कविता वाचणाऱ्या मुलीला हिशेब येत नाही, असे म्हणणाऱ्यांना हे जरूर सांगावे.

आता दुसरी गोष्ट, आणि माझ्या मते ती पदवीहून मोठी आहे. आपण भिशी लावतो. पहिल्या महिन्यात कोणी सगळी रक्कम मागत नाही. ह्या लोकांनी किती वर्षे भिशी भरली ते मोजा. नाडेलांची बावीस वर्षे, प्रकाश टंडनांची चोवीस, भट्टाचार्यबाईंची छत्तीस. अमेरिकेतली जनरल मोटर्स ही केवढी थोरली कंपनी! तिच्या मुख्य मेरी बारा ह्यांचे वडील त्याच कंपनीच्या कारखान्यात साचे बनवणारे कारागीर होते. मेरीबाई अठराव्या वर्षी, १९८० साली, तिथे शिकाऊ म्हणून लागल्या. कंपनीच्याच तंत्रशाळेत काही आठवडे शिकायचे आणि काही आठवडे कारखान्यात मडगार्ड आणि बॉनेट तपासायचे, असा क्रम. त्या पगारावर शिक्षण झाले. कंपनीने पुढे शिष्यवृत्ती देऊन स्टॅनफर्डला पाठवले. २०१४ साली त्या मुख्य झाल्या, म्हणजे चौतीस वर्षांनी. अमेरिकेतल्या वॉलमार्ट ह्या दुकानदारीच्या कंपनीत २०१४ सालीच जे मुख्य झाले ते डग मॅकमिलन १९८४ साली, शाळकरी वयात, उन्हाळी कामासाठी मालमोटारी रिकाम्या करीत होते.

लिव्हरमध्ये एक पद्धत आहे, ती मला फार आवडते. नव्या उमेदवार अधिकाऱ्यांना उत्तर प्रदेशातल्या एटा जिल्ह्यातल्या खेड्यांत राहायला पाठवण्याची चाल १९७६ साली सुरू झाली. मोठ्या शाळेतून आलेला मुलगा खेड्यातल्या घरी राहतो, तिथलेच खातो, आणि साबणाची वडी घेताना बाई का घासाघीस करते ते डोळ्यांनी पाहतो. सासरी नव्या सुनेला पहिले वर्ष आपण जे करायला लावतो, तसेच हे. फरक इतकाच की त्या मुलाला त्याबद्दल पगार मिळतो.

शिक्षणाने शहाणपण येते, सचोटी येतेच असे नाही, हेही सांगितले पाहिजे. सत्यम् कंपनीचे अध्यक्ष अमेरिकेतून व्यवस्थापन शिकून आलेले होते. जानेवारी २००९ मध्ये त्यांनीच पत्र लिहून कबूल केले की वर्षानुवर्षे हिशेब फुगवले. मी त्याच वर्षी निवृत्त झाले. आमच्या कचेरीतला शिपाई म्हणाला होता, "बाई, एवढा शिकूनही शेवटी कबुलीजबाबच लिहावा लागला ना!" तेव्हा गुणपत्रिका घेऊन येणाऱ्या आईला मी गुणांबरोबर हेही विचारते की मुलगा दुकानातून आणलेली मोड परत देतो का?

भगिनींनो, आता ज्यासाठी हा विषय मुद्दाम घेतला तिथे येते.

मोठी जागा रिकामी झाली की आमच्या खात्यात एक तुलनात्मक तक्ता तयार होई. आडव्या ओळींत माणसे, उभ्या रकान्यांत माहिती. नाव, वय, शिक्षण, नोकरीची वर्षे, आणि शेवटचा रकाना : 'स्वतंत्रपणे सांभाळलेला कारखाना अथवा विभाग'. म्हणजे नफातोट्याची जबाबदारी ज्याच्या एकट्याच्या डोक्यावर होती असे काम. तो तक्ता मी कितीदा टाइप केला असेल! साहेब लोक शिक्षणाच्या रकान्यावरून नजर फिरवत आणि शेवटच्या रकान्यापाशी थांबत. पुरुषांच्या ओळीत तिथे काही ना काही असे. कोणी हुबळीचा डेपो सांभाळलेला, कोणी कानपूरची गिरणी. क्वचित एखाद्या बाईचे नाव तक्त्यात येई. शिक्षण उत्तम, शेरे उत्तम, आणि शेवटच्या रकान्यात मी एक आडवी रेघ मारीत असे.

ती रेघ का येई? बाई बहुधा नोकरभरतीत, प्रसिद्धीत, ग्रंथालयात, पत्रव्यवहारात. कामे चांगलीच, पण कचेरीतली. कारखान्याची बदली निघाली की खातेप्रमुख परस्पर म्हणत, "त्यांना संसार आहे, कशाला त्रास द्यायचा?" यात दुष्टपणा नव्हता, कळवळाच होता. पण त्या कळवळ्याने रकाना रिकामा राही. मेरी बारा पुढे नोकरभरतीच्या खात्याच्याही प्रमुख झाल्या, पण त्याआधी त्यांनी मोटारी जोडणारा एक सबंध कारखाना चालवला होता. भट्टाचार्यबाईंनी बँकेच्या न्यूयॉर्कच्या कचेरीत काम केले आणि बँकेची भांडवल-बाजाराची कंपनी सांभाळली. रकाने भरलेले होते.

आपल्याकडे अशा स्त्रिया झाल्याच नाहीत असेही नाही. सुमती मोरारजी कधी महाविद्यालयात गेल्या नाहीत. घरीच शिकल्या आणि १९४६ साली सिंदिया जहाज कंपनीचा सगळा कारभार हाती घेतला. पुढे १९५६ साली जहाजमालकांच्या संघटनेनेही त्यांना प्रमुख निवडले. पुण्याला लीला पूनावाला १९६७ साली अभियांत्रिकी महाविद्यालयातून यांत्रिकीची पदवी घेणाऱ्या पहिल्या स्त्री. फाळणीत सिंधमधून उखडून आलेले कुटुंब. आल्फा लावल कंपनीत उमेदवारीपासून चढत त्या व्यवस्थापकीय संचालक झाल्या, १९८९ साली पद्मश्री झाल्या, आणि पुढे गरीब मुलींच्या शिक्षणासाठी संस्था काढली. आणि अगदी अलीकडे, १ ऑगस्ट २०२५ रोजी, हिंदुस्थान युनिलिव्हरच्या पहिल्या स्त्री मुख्य म्हणून प्रिया नायर ह्यांनी सूत्रे घेतली. मुंबईच्या सिडनहॅमला आणि पुण्याच्या सिंबायोसिसला शिकलेल्या. १९९५ साली लागल्या होत्या. पुन्हा तीस वर्षांची भिशी!

आईचे काम यात काय, असे विचाराल तर इंद्रा नूयींची गोष्ट सांगते. मद्रासला त्यांची आई रात्री जेवताना मुलींना विषय देई. आज तू पंतप्रधान आहेस, काय करशील ते बोलून दाखव. जिचे भाषण चांगले तिला आईचे मत. ती आई स्वतः महाविद्यालयात गेलेली नव्हती. मुलगी कलकत्त्याला व्यवस्थापन शिकली, मग अमेरिकेत येल विद्यापीठात गेली, तिथे रात्रभर वसतिगृहाच्या स्वागतकक्षात बसून खर्चाचे पैसे मिळवले, आणि २००६ साली पेप्सी कंपनीची मुख्य झाली. पण त्याच आईची दुसरी गोष्टही आहे. २००० साली मोठी बढती मिळाल्याचे सांगायला इंद्राबाई रात्री उशिरा घरी आल्या, तर आईने आधी दूध आणायला पिटाळले. जावई केव्हाच घरी आलेले होते, पण ते दमले होते! दूध आणून आपटल्यावर आई म्हणाली की तुझा तो मुकुट गॅरेजमध्येच ठेवत जा, घरात तू बायको, सून, मुलगी आणि आई आहेस.

आता तुम्ही हसलात. मीही पहिल्यांदा वाचले तेव्हा हसले. नंतर मात्र रात्री झोप लागेना. कारण दोन्ही गोष्टी एकाच आईच्या. जेवताना पंतप्रधान करणारीही तीच आणि दुधाला पाठवणारीही तीच. आपल्यापैकी प्रत्येकीच्या घरात ह्या दोन्ही बाया एकाच पातळात वावरत नाहीत का?

आता माझी स्वतःची एक गोष्ट सांगते. आजवर घराबाहेर कोणाला सांगितली नाही.

१९८४ साली आमच्या कंपनीने लघुलेखिकांपैकी दोघींना अधिकारी श्रेणीत घ्यायचे ठरवले. त्यासाठी सहा महिने गुजरातेतल्या कारखान्यावर राहून काम शिकायचे होते. माझे नाव वरून आले होते. तो फॉर्म मी आठ दिवस पर्समध्ये घेऊन हिंडले. मुलगा सातवीत, सासूबाईंना अर्धांग झालेला. मी घरी विषय काढला. घरातले कोणी 'जाऊ नकोस' म्हणाले नाही. पण 'जा' असेही कोणी म्हणाले नाही. हे म्हणाले, "तुला जसे वाटेल तसे कर." सासूबाई भिंतीकडे तोंड करून पडून होत्या, त्या काही बोलल्या नाहीत. नवव्या दिवशी मी 'घरगुती अडचणीमुळे असमर्थ' असे त्या फॉर्मवर स्वतःच्या हाताने टाइप केले. एकही चूक नव्हती, खाडाखोड नव्हती.

पुढे ती जागा एका तरुण मुलाला मिळाली. फाइली कशा लावायच्या ते त्याला मीच शिकवले होते. तो गुणी होता, पुढे सगळ्या खात्याचा प्रमुख झाला, आणि माझ्या निरोपसमारंभात माझ्याबद्दल फार चांगले बोलला. माझी कोणाविरुद्ध तक्रार नाही. सासूबाईंची सेवा घडली, मुलगा मार्गी लागला. पण माझ्या ओळीतल्या शेवटच्या रकान्यातली रेघ मी माझ्याच हाताने मारली, आणि तेव्हा कोणी मला नुसते एवढे विचारले असते की 'सहा महिन्यांचे कसे जमवायचे?', तर कदाचित मारली नसती. 'तुला जसे वाटेल तसे कर' ह्या वाक्यात मोकळीक असते, मदत नसते.

हे आज का सांगते? माझी भाची अभियंता आहे. तिच्या कंपनीने गेल्या महिन्यात तिला परराज्यातला एक कारखाना दोन वर्षे सांभाळायला सांगितले. पंधरा दिवसांत उत्तर द्यायचे होते. मुलगी चार वर्षांची, जावयांची नोकरी इथली. तिच्या सासूबाई आज समोर बसल्या आहेत, त्यांच्या परवानगीने बोलते. भाची माझ्याकडे आली आणि म्हणाली, "मावशी, घरी सगळे म्हणतात, तुला जसे वाटेल तसे कर." ते शब्द ऐकले आणि माझ्या अंगावर काटा आला. मी तिच्याबरोबर तिच्या घरी गेले. माझ्या फॉर्मची गोष्ट सांगितली, आणि म्हटले, "जायचे की नाही ते तीच ठरवील. आपण कसे जमवायचे तेवढे बोलू या." दोन तास बसलो. एक कागद घेतला. मुलीची शाळा कुठे, दुपारी कोण, आजारपणात कोण, जावयांनी महिन्यातून किती वेळा जायचे, इथला स्वयंपाक कोणी करायचा. शेवटच्या ओळीला जावई जरा दचकले, पण वरणभात येतो म्हणाले. सासूबाईंचे गुडघे दुखतात, तरी दिवाळीपर्यंत मी जाऊन राहीन म्हणाल्या. दिवाळीनंतरचे काय, ते कागदावर अजून कोरे आहे. सोमवारी भाचीने होकार कळवला. पुढे कसे होते ते पुढल्या वर्धापनदिनाला सांगेन, चिटणीसबाईंनी पुन्हा बोलू दिले तर.

प्रत्येकीच्या मुलीने मोठ्या खुर्चीत बसावे, असे माझे म्हणणे नाही. एका कंपनीत हजारो माणसे असतात आणि ती खुर्ची एकच. बाकीच्यांनीही सुखानेच जगायचे असते. ज्यांना कंपनीची पायरी चढायची नाही त्यांनी आपली स्वतःची मांडावी. गिरगावात १५ मार्च १९५९ रोजी सात बायकांनी उसने ८० रुपये घेऊन गच्चीवर पापड लाटायला सुरुवात केली, त्याचा 'लिज्जत' झाला. तिथे पापड लाटणारी भगिनी हीच मालकीण असते. फाल्गुनी नायर ह्यांनी पन्नाशीला टेकताना, २०१२ साली, बँकेतली मोठी जागा सोडून 'नायका' काढली. वय झाले असे म्हणून मागे बसणाऱ्या माझ्यासारख्यांनी हे ऐकावे.

कायद्यानेही थोडा हात दिला आहे. २०१३ सालच्या कंपनी कायद्यामुळे शेअरबाजारात नोंदलेल्या कंपन्यांना संचालक मंडळावर निदान एक स्त्री घ्यावी लागू लागली. २०१७ साली बाळंतपणाची पगारी रजा २६ आठवड्यांची झाली आणि ५० माणसांवरच्या कचेऱ्यांना पाळणाघराचे बंधन आले. भट्टाचार्यबाईंनी आपल्या कारकिर्दीत बँकेतल्या स्त्रियांना मुलांसाठी किंवा घरच्या म्हाताऱ्या माणसांसाठी दोन वर्षांपर्यंत रजा घेऊन पुन्हा नोकरीवर येण्याची सोय केली. पण दुपारी तीन वाजता शाळेतून येणाऱ्या पोराला दार कोण उघडणार, हे कुठल्याच कायद्यात लिहिलेले नाही. ते आपल्याला पाहायला हवे.

म्हणून मंडळाला दोन विनंत्या करते. पहिली ही की आपली ही खोली दुपारी तीन ते सात मोकळीच असते. आठवड्यातून पाच दिवस, आपण पाळी लावून, नोकरी करणाऱ्या मुलींच्या पोरांना इथे बसवू. भजनाचा मंगळवार सांभाळून जमेल. माझे नाव सोमवार आणि गुरुवारसाठी लिहून घ्यावे. दुसरी ही की ज्या मुलींना नोकरीचे अर्ज लिहायचे आहेत त्यांच्यासाठी मी दर रविवारी सकाळी दहाला इथे बसेन. टाइप करायला हात अजून चालतो. बढतीचा, बदलीचा फॉर्म आला असेल तर तोही घेऊन यावे, आणि शक्य तर सासूबाईंना बरोबर आणावे.

 चहा थंड होतो आहे आणि भट्टीवरचे सामोसे वाट पाहत आहेत, तेव्हा थांबते.  नावे लिहून द्यायची वही दाराशी ठेवली आहे. जाताना विसरू नये.